शिकेकाईचा सोमवार

सन १९८३. मी एकोणीस वर्षांचा आणि माझं डोकं सत्तर वर्षांचं. मिशी फुटली ती काळी फुटली, भुवया काळ्या, फक्त डोकं तेवढं उललेल्या कपाशीच्या बोंडासारखं पांढरंफेक. चौदाव्या वर्षी मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस राहिला, आणि जाताना केसांचा रंग घेऊन गेला असं गावात म्हणत. कुणी म्हणे, आई गेल्याच्या धसक्याने पिकले. आई मी अकराचा असताना गेली होती. तिचा आणि केसांचा काही संबंध नाही, पण लोकांना तो लावायला बरा वाटे. आमचं गाव शिरपूरपासून आत, सातपुड्याच्या अंगाला. वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार, ते तिकडंच खळ्यात राहत. मोठी बहीण अक्का जवळच्याच गावात दिलेली. घरात मी आणि चूल. बाहेर पडलो की पोरं ओरडत, "वो बुढाबा, कोठे चालना?" मी दगड उचलायचो. नेम चांगला होता माझा. पण दगड मारून केस काळे होत नाहीत. एकदा वैतागून न्हाव्यापुढे बसलो, म्हटलं चकोट कर. तो वस्तरा खाली ठेवून म्हणाला, "तुझा बाप जित्ता आहे रे, कोणाच्या नावानं करू?" तीही वाट बंद.

मग सतराव्या वर्षी धुळ्याला आलो. कामाला म्हणून नव्हे, अक्काच्या सासऱ्यांबरोबर कपाशीच्या गाडीवर बसून आलो होतो, आणि चहा पिताना समोर पिठाची चक्की दिसली. चक्कीवाला बाहेर आला. त्याचं डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे. त्याने गमछा झटकला आणि त्यातून चाळीस वर्षांचा काळाभोर माणूस निघाला. मी ते बघतच राहिलो. टोपी कानावर ओढून तसाच उठून गेलो आणि म्हणालो, मला कामावर ठेवा. "शिकला किती?" "तिसरी." "पास?" मी गप्प बसलो. ते हसले. तेच नाना. त्यांनी मला ठेवून घेतलं, चक्कीच्या मागची पोत्यांची खोली राहायला दिली आणि जेवण घरून. मी पहिल्या दिवशी टोपी घालून आत शिरलो, पट्टा सुरू झाला, दहा मिनिटांत पीठ उडालं, मग टोपी काढली. दोन वर्षं त्या गल्लीत कुणाला कळलं नाही. गल्लीतल्या बाया म्हणत, "सुपडू, तू तर बाई जन्मलाच म्हातारा," आणि हसत. मीही हसायचो. त्यांना वाटे, त्या पिठाला हसतात.

(हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. नानांची नात वेलांट्या सुधारून देते, ती शाळेत शिकवते. शब्द मी बदलू देत नाही. तिने 'बाया'चं 'महिला' केलं होतं, ते मी खोडलं.)

आमची चक्की मंगळवारी बंद. त्या दिवशी नाना दगडाला टाकी लावत, म्हणजे वरची तळी उचलून छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करत. म्हणून सोमवारी दुपारी चारनंतर धान्य घ्यायचं नाही, फक्त शिकेकाई. शिकेकाई दळली की दगडाला तिचा कडवटपणा चिकटतो. त्यावर चुकून गहू दळला तर घरभर लोक शिंकतात आणि पोळी थुंकतात. म्हणून शिकेकाईनंतर टाकाऊ ज्वारी दोन किलो दळून फेकायची, मग दगडाला हात लावायचा. नाना त्याला 'दगडाचं तोंड धुणं' म्हणत. संध्याकाळी घरातून ओरडून विचारत, "सुपडू, तोंड धुतलं का त्याचं?" नवख्या माणसाला वाटे कुणा लेकराची चौकशी चाललीय. नानांना शिकेकाईच्या धुळीने दमा उठायचा, म्हणून सोमवार माझा. "ते बायकांचं खातं तू सांभाळ," म्हणायचे.

सोमवारी बाया डबे घेऊन यायच्या, पदर नाकाला लावून बाकावर बसायच्या आणि तिथं जी भांडणं व्हायची ती नगरपालिकेतही होत नसतील. कारण दगडात मागच्या घरचं थोडं राहतं, ते पुढच्या डब्यात जातं. "मी हिच्यानंतर टाकणार नाही हो, ही नुसता रिठा घालते, माझे केस तारेसारखे होतील." "तुझे आहेत किती, तारेसारखे व्हायला!" प्रत्येक घराची शिकेकाई वेगळी. कुणाची आवळकाठी जास्त, कुणाचा नागरमोथा, कुणी वाळा घालणार, कुणी कपूरकचरी, कुणी मेथ्या आणि संत्र्याची वाळलेली साल, एक म्हातारी तर मूगडाळ घालायची आणि म्हणायची, "कुणाला सांगू नको रे, सुनेलापण सांगितलं नाही." सहा महिन्यांत मला डबा न उघडता वासावरून घर ओळखू येऊ लागलं. डोळे बांधून मला त्या गल्लीत सोडलं असतं तर न्हालेल्या बाईच्या मागे जाऊन मी तिचं दार सांगितलं असतं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तेवढीच ओळख होती माझी त्या लोकांशी. डबा द्यायच्या, डबा घ्यायच्या. दोन वर्षांत मी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही.

दगडात शेवटी जे उरतं ते चक्कीचं, असा रिवाज. धान्याचं उरलेलं गाईला जाई. शिकेकाईचं उरलेलं मी कुंचल्याने झाडून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. सगळ्या गल्लीची शिकेकाई एका डब्यात. मंगळवारी पहाटे, नळावर कुणी नसताना, तिने डोकं धुवायचो. केस असे मऊ व्हायचे की हात लावला तर आपले वाटत नसत. पण पांढरे ते पांढरेच. मग बाकीचे उपाय. मी ते कुणाला न विचारता केले, कारण विचारलं तर 'कुणासाठी' हे सांगावं लागतं. कांद्याचा रस चोळला, तर जेवताना काकू, म्हणजे नानांची बायको, नाक वर करून म्हणाली, "आज भाजीत कांदा नाही, मग वास कशाचा?" यात्रेतून हिरव्या तेलाची बाटली आणली, बाटलीवर गुडघ्यापर्यंत केसांची बाई. तेल संपलं, बाई तशीच हसत राहिली, तिला मी खिडकीत ठेवली. मारुतीच्या देवळामागची जास्वंदी दोन महिने मी फुलू दिली नाही. कोरफड लावली, माक्याचा पाला वाटून लावला, काळ्या पुडीतला रंग लावला तर केस तीन दिवस काळे राहिले आणि कपाळ पंधरा. काकूला सांगितलं, कंदिलाची काजळी लागली. ती म्हणाली, "कंदील डोक्यावर घेऊन झोपतोस का?"

उपाय करताना एक गोष्ट व्हायची, ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. आई होती तेव्हा दर बुधवारी ती तिळाचं तेल कोमट करून माझ्या डोक्यावर घालायची, आणि शेजारच्या बाईशी बोलत बोलत थापायची. बोलणं रंगलं की थापा जोरात. मी 'माय, हळू' म्हणायचो. ती गेल्यापासून माझ्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. केस मी आरशात बघून स्वतः कापत होतो, न्हाव्याला कळू नये म्हणून. त्या पोत्यांच्या खोलीत बसून स्वतःच्या डोक्यावर स्वतः थापायचो. आवाज तसाच येई. बाकी काही नाही.

गल्लीत एक शाळेच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, केस काळे कुळकुळीत. बाकीच्या बाया म्हणायच्या, "बघा, नाहीतर आम्ही." बाई नेहमी सगळ्यात शेवटी डबा द्यायच्या आणि डबा फडक्याने घट्ट बांधलेला. एका सोमवारी मी ओतायला लागलो आणि वास वेगळाच आला. मेंदी, हिरडा, काथ, निळीचा पाला, आणि शिकेकाई नावाला. मी वर बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काही न बोलता बारीक दळून दिलं. बाई दारात थांबल्या आणि कुणी नाही हे बघून म्हणाल्या, "लोखंडी कढईत भिजवावं लागतं. रात्रभर." एवढंच. मला म्हणून सांगितलं की उगीच, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून त्या गल्लीत आपण दोघं आहोत असं मला वाटू लागलं. त्यानंतर बाई कधी माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात अक्का आली. डोक्यावर गाठोडं, त्यात वांगी आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. आल्या आल्या म्हणाली, "तुनासाठे पोर देखी शे." पोर शिरपूरकडचीच, बाप दगडूआबा, दोन बिघे शेत, माणूस सरळ. पोरगी घरकाम, शेतकाम, बठ्ठं करणारी. आबा स्वतः मुलगा बघायला धुळ्याला येणार होते, मंगळवारी, चक्की बंद असते म्हणून. नाना-काकूंनी आनंदाने हो म्हटलं, जेवण आमच्याकडे, वरण-बट्टी. मी म्हटलं, "अक्का, मंगळवार नको." "काबरं?" "पीठ नसतं." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कळलं तिला. खाली बसली. "त्येसले म्या केसनं सांगेल नही," म्हणाली. "तू टोपी घालीसन बठ. लगीन व्हई गयं का मंग कोण देखस?" मला तिचा राग आला. टोपी घालून बसणारा नवरा मी होणार नव्हतो. मी ठरवलं, बसायचं तर काळ्या डोक्याने, उघडं बसायचं.

आता माझ्या वयाचे सगळे पांढरे झालेत. बाकावर बसलो की कोण आधी पिकला ते ओळखू येत नाही. नानांची नात परवा 'नैसर्गिक' लिहिलेली मेंदीची पुडी घेऊन आली, म्हणाली आजोबा, लावून बघा, दहा वर्षांनी लहान दिसाल. मी म्हटलं, मी एकदा पन्नास वर्षांनी लहान व्हायला बघितलं होतं, पुरे झालं.

तर तो सोमवार. अक्का आदल्या दिवशीच येऊन काकूकडे उतरली होती. चारनंतर शिकेकाई सुरू झाली, अकरा डबे होते, शेवटचा बाईंचा. त्यांचा डबा दिला, त्या गेल्या, आणि मी मशीन बंद करून वरची तळी उचलली. एरवी कुंचल्याने झाडतो, त्या दिवशी दगडाच्या प्रत्येक खाचेत सळई घालून बाईंचं पीठ खरवडलं. वाटीभर निघालं. नानांकडची जुनी लोखंडी कढई आधीच खोलीत आणून ठेवली होती. घाईघाईने पाणी घातलं, ढवळलं, आणि ते काळं पडू लागलेलं वाकून बघत राहिलो. तेवढ्यात काकूची हाक, "सुपडू, बट्टीचे गहू राहिले रे!" बट्टीचं पीठ जाडसर लागतं, पोळीचं चालत नाही, ते ताजंच दळतात. मी हात पुसत आलो, दगड बघितला. इतका स्वच्छ मी तो कधी बघितला नव्हता. खरवडून खरवडून चकचकीत. तळी बसवली, मशीन सुरू केलं आणि गहू ओतले. आतून नानांचा आवाज आला, "तोंड धुतलं का त्याचं?" मी म्हणालो, "हो."

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. दगड साफ होता. डोळ्याला साफ होता.

मंगळवारी उजाडता उजाडता डोकं धुतलं आणि आरशात बघितलं. काळं नव्हतं. पांढरंही नव्हतं. पिकलेल्या जांभळासारखा रंग, मध्ये मध्ये विटकरी, कानामागे एक पट्टा पांढरा राहून गेलेला. बाई किती वेळ ठेवत, किती घालत, ते मला कोण सांगणार होतं? अक्काने बघितलं आणि तोंडावर पदर घेतला, हसली की रडली ते दिसलं नाही. मुकाट टोपी आणून माझ्या हातात दिली. मी घातली. शेवटी घातलीच.

दगडूआबा अकराच्या गाडीने आले. बुटका माणूस, पांढरं धोतर, हातात छत्री आणि खांद्यावर कापडी पिशवी. पिशवी त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. "घरमाईन शिकाकाई दिन्ही. चक्कीवर जाईच ऱ्हायना, तं दयी लयना म्हने." म्हणजे चक्कीवर चाललाच आहात तर दळून आणा, असं बायकोने सांगितलं होतं. नाना मोठ्याने हसले, "जावई बघायला आले का गिऱ्हाईक म्हणून?" आबाही हसले. मी पिशवी हुंगली, सवयीने. शिकेकाई, आवळकाठी, लिंबाची साल, आणि एक वास मला ओळखू आला नाही. रानातला कसला तरी, गोडसर. सातपुड्यातलं काही असेल. त्या घराचा वास मला त्या दिवशी कळला, घर कळलं नाही.

ओसरीत बसलो. आबांनी मला कामाचं विचारलं. दिवसाला किती पोती, दगड किती दिवसांत झिजतो, पट्टा तुटला तर कोण जोडतो. मी सगळं नीट सांगितलं. त्यांना ते आवडत होतं हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. "हातले काम शे त्येना," नानांना म्हणाले. मला टोपीच्या आत घाम येत होता. घामाबरोबर जांभळं काहीतरी कानावरून खाली येईल या भीतीने मी मान हलवत नव्हतो.

आणि आतून काकूची किंकाळी आली. "अगं बाई, हे काय!" बट्ट्या आधी पाण्यात उकडतात, मग कापून तळतात. पातेल्यात बट्ट्या टाकल्या, पाणी उकळलं आणि फेस वर आला. साधा फेस नाही, डोकं धुताना येतो तसा, पांढरा, भरगच्च. पातेल्यावरून चुलीत, चुलीतून ओट्यावर. घरभर वास सुटला आणि आबांना शिंक आली. मग नानांना. नानांना एक शिंक आली की दमा. ते खोकत खोकत उठले, आत गेले, एक बट्टी तोडून जिभेवर ठेवली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तोंड धुतलं होतं?"

माझा हात टोपीवर गेला.

"सुपडू, मी काल विचारलं, तू हो म्हणालास. दोन वर्षांत तू मला एकदा खोटं बोललास का? काय करत होतास तू त्या वेळेला?"

पाहुण्यांसमोर मला चोरासारखं उभं केलं असं मला वाटलं. मी कामात चोर नव्हतो. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. म्हणून मी टोपी काढली. "हे करत होतो," म्हणालो. "माझे केस पांढरे आहेत. पीठ नाही ते. पहिल्यापासून पांढरे आहेत."

पातेलं उतू जात होतं, त्याचा चर्रर्र आवाज. मग काकू दारातून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "मला माहीत आहे रे. तुझा उशीचा अभ्रा मीच धुते ना." दोन वर्षं माहीत होतं तिला. मला वाटलं मी एकटा सांभाळतोय.

आणि दगडूआबा हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते. ओझं उतरवल्यासारखं हसले, डोळे पुसले, उठून माझ्याजवळ आले. "आरे, मंग इतलं काय लपाडनं? केसच ना? मीबी सकायपाईन पोटमा एक गोट लिसन बठेल शे." सकाळपासून पोटात एक गोष्ट घेऊन बसलो आहे, म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या पोरीला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर वण राहिले, दोन्ही गालांवर, कपाळावर. "तिनी मायनी साय लाई, हयद लाई, चंदन लाया, मसूरनी दाय वाटीसन लाई. बारा वरीस लाई ऱ्हायनी. जातस का वण? सात ठिकाने देखी ग्यात, सात ठिकाने नही म्हनेत. अक्काले म्या सांगेल नव्हतं. आते सांगस. तू समजशी. तुले समजी." आणि हे म्हणता म्हणता त्यांनी हात वर केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. त्या ओल्या, जांभळ्या केसांवर. सबंध पंजा. जड, खरखरीत, शेतकऱ्याचा. दोनदा थापटलं.

आठ वर्षांनी.

मी डोकं मागे ओढलं. आज साठीच्या पलीकडे गेल्यावरसुद्धा ते कसं झालं हे मला नीट लिहिता येत नाही. मला आत काहीतरी इतकं झालं की मी तिथंच रडलो असतो, आणि त्याच वेळी मला ऐकू आलं की हा माणूस म्हणतोय, तू पांढरा, ती वणांची, जमलं. सात ठिकाणी नको झालेली ती माझ्या मापाची. मी म्हणालो, "मला नाही करायचं लग्न. तुमच्या पोरीशी नाही."

आबांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो धोतराला पुसला. जांभळा डाग पडला धोतरावर. काकूने पिठलं-भाकरीचं ताट वाढलं ते त्यांनी निम्मं खाल्लं, पाहुणा उपाशी गेला असं नको म्हणून, आणि दोनच्या गाडीने गेले. अक्का त्यांच्याबरोबरच निघाली. दारात माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कोठला राजा लागी गया रे? तुले तरी समजाले पाहिजे व्हतं." तुले तरी. मला ते शब्द कुऱ्हाडीसारखे लागले, आणि मी उलट म्हणालो, "मलाच का समजायला पाहिजे?"

पंधरा दिवसांनी कळलं, पोरीचं शहाद्याकडे जमलं. त्या पंधरा दिवसांत मी जाऊ शकलो असतो. गाडी रोज होती. गेलो नाही. पुढेही लग्न झालं नाही असं लोक म्हणतात, मी म्हणतो केलं नाही. तिला मी कधी बघितलं नाही. तिचं नाव अक्काने सांगितलं होतं, ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही.

त्या मंगळवारी दुपारी नानांना दम लागलेला, म्हणून टाकी मीच लावली. संध्याकाळपर्यंत छिन्नी मारत बसलो. कुणी जवळ आलं नाही. तळी बसवून उठलो तेव्हा कोपऱ्यात ती कापडी पिशवी दिसली. आबा विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्या न उघडताच मशीन सुरू केलं. आधी ज्वारी दळून टाकीची कच काढली. मग तिच्या घरची शिकेकाई ओतली. बुधवार होता, शिकेकाईचा वार नव्हता. नाना मधल्या दारात येऊन उभे राहिले, नाकाला गमछा लावून, बघत राहिले आणि आत गेले. बारीक दळली, वस्त्रगाळ. मग तळी उचलून दगडातलं सगळं झाडलं, चिमूटभरसुद्धा माझ्या डब्यात घेतलं नाही, सगळं तिच्या पिशवीत. धूळ उडाली ती माझ्या डोक्यावर बसली, तपकिरी, त्या गोडसर वासाची. ती मी झटकली नाही. पिशवीचं तोंड शिवलं आणि स्टँडवर गेलो. निम्म्या वाटेत लक्षात आलं की टोपी खोलीतच राहिली. परत फिरलो नाही. शिरपूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, त्याला गावाचं नाव आणि आबांचं नाव सांगितलं. त्याने विचारलं, "कुणी दिली म्हणून सांगू?"

"चक्कीवाल्याने."

"धुळ्यात चक्क्या काय कमी आहेत? कोणता चक्कीवाला?"

"पांढऱ्या केसांचा," मी म्हणालो.

त्याने माझ्या जांभळ्या, धुळीने भरलेल्या डोक्याकडे बघितलं आणि पिशवी सीटखाली सरकवली. मी परत आलो, दोन किलो ज्वारी ओतली आणि दगडाचं तोंड धुतलं.